तळघर हलवता येत नाही: द्राक्षांच्या कसब्यातली घरं संग्रहालयात उभारताना

वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बुडापेस्टच्या उत्तरेला सेंटएंद्रे इथलं खुलं संग्रहालय ती पाहून आली. द्राक्षं पिकवून वाइन करणाऱ्या हंगेरीतल्या जुन्या गावांची घरं तिथे उभी केलेली आहेत. तिने विचारलंय: ती घरं खरी की नक्कल? दगडी घर हलवतात तरी कसं? आणि ऑक्टोबरच्या शेवटी ईशान्य हंगेरीतल्या तोकाय या वाइनच्या प्रदेशात दहा दिवस मोजमापाच्या कामाला जाणार आहे, तर तिथे नेमकं काय बघू?

मी सत्तावीस वर्षं जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतोय. त्यातली बरीच वर्षं लाकडी वाडे उतरवून दुसरीकडे उभे करण्यात गेली आणि तोकायच्या टेकड्यांमध्ये तीन हंगाम मी टेप आणि वही घेऊन फिरलोय. त्यामुळे जरा लांबून सुरुवात करतो.

सेंटएंद्रेचं संग्रहालय १९६७ साली स्थापन झालं आणि तिथला पहिला विभाग १९७४ मध्ये लोकांसाठी उघडला. तुम्ही पाहिलात तो विभाग बराच नंतरचा, २०१० चा. त्याच्या नावात हंगेरियन शब्द आहे ‘मेझोवारोश’. भाषांतरात याला कुणी शहर म्हणतं, कुणी खेडं म्हणतं, आणि दोन्ही चुकतं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, कसबा. गावाला तटबंदी नाही, राजाच्या खास शहरासारखे पूर्ण हक्क नाहीत, डोक्यावर जमीनदार आहे. पण बाजार भरवायचा हक्क आहे, स्वतःची पंचायत आहे आणि जमीनदाराचं देणं अनेकदा सगळ्या गावाने मिळून ठोक रकमेत भरायचं अशी सोय आहे. तोकाय भागातली माड, ताय्या, तोल्चवा, एर्दोबेन्ये ही गावं, तिकडे मात्रा डोंगराच्या पायथ्याशी द्योंद्योश, हे सगळे असे कसबे. यांच्या हातात पैसा आला तो द्राक्षांमुळे, आणि तो पैसा त्यांनी दगडात घातला. इथली घरं शेतकऱ्यांची असूनही शेतकऱ्याच्या घरासारखी दिसत नाहीत ती त्यामुळे.

आता खरी की नक्कल. खुल्या संग्रहालयांची ही सगळी परंपरा लाकडातून आली आहे. आर्टुर हाझेलियसने १८९१ साली स्टॉकहोममध्ये स्कान्सेन सुरू केलं. त्याच्या नावावरूनच हंगेरियन लोक आपल्या संग्रहालयाला ‘स्कान्झेन’ म्हणतात. स्वीडनमधली ओंडक्यांची घरं मुळात सुटी होण्यासारखीच असतात. खाचेत ओंडका, ओंडक्यावर खाच. वरून खाली उतरवा, नंबर टाका, गाडीत घाला, नव्या जागी खालून वर चढवत जा. डेन्मार्कमध्ये ऑरहूसला १९१४ साली ‘डेन गामले ब्यू’ उघडलं. खेड्याऐवजी शहराचीच घरं गोळा करणारं हे पहिलं मोठं संग्रहालय. त्याची सुरुवात झाली १५९७ च्या एका महापौराच्या घरापासून, आणि तेही लाकडी चौकटीचंच होतं. आपला वाडा याच जातीचा. खांब, तुळई, कडीपाट, सगळं कुसू आणि सळाच्या जोडावर, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत. पाचर काढली की सांधा सुटतो.

तोकायच्या कसब्यातलं घर असं सुटत नाही. त्याची भिंत म्हणजे दोन बाजूंना त्यातल्या त्यात सपाट तोंडाचे दगड आणि मध्ये लहान दगड, चुना, माती यांची भर. अशी भिंत उतरवली की हातात दगडांचा ढीग येतो. कुठला दगड कुठे होता याला मग काही अर्थ राहत नाही, कारण भिंतीचा आकार दगडात नव्हता, गवंड्याच्या हातात होता. अशा घरातून खरोखर नेता येतं ते घडीव सामान. फाटकाच्या कमानीचे दगड, खिडक्यांच्या चौकटी, तळघराच्या तोंडाची चौकट, पायऱ्या, ओसरीचे खांब, लोखंडी गज, दारं, छपराचं लाकूड, शेगडीच्या फरशा. भिंत नव्या जागी नवीनच बांधावी लागते, जुना दगड पुन्हा वापरला तरीही.

यावर एक तोड जर्मनीत निघाली आहे. फ्रँकोनियात बाड विंड्सहाइमचं संग्रहालय १९८२ साली उघडलं. त्या मंडळींनी भिंती न उतरवता आख्ख्या कापून न्यायची पद्धत वापरली. भिंतीचा मोठा तुकडा लाकूड आणि लोखंडाच्या पिंजऱ्यात आवळायचा, क्रेनने उचलायचा आणि ट्रकवर उभा न्यायचा. यात गिलावा जागेवर राहतो, गिलाव्यावरचे रंगाचे थर राहतात, चुलीच्या धुराने काळवंडलेला कोपरासुद्धा राहतो. पद्धत खर्चीक आहे, रस्त्याची रुंदी आणि पुलाची उंची आड येते. तरी माझं मत विचाराल तर जिथे भिंतीवरच घराचा इतिहास लिहिलेला आहे तिथे हा खर्च करावा. घराच्या चार भिंतींपैकी एक जरी अशी आणता आली तरी बाकी तीन कशा बांधायच्या हे ती एक भिंत शिकवते.

म्हणजे तुम्ही पाहिलेल्या प्रकारच्या रस्त्यावर प्रत्येक घराबाबत प्रश्न वेगळा विचारायला हवा. या घरातलं काय आलंय आणि काय इथे केलंय? मला स्वतःला नक्कल या शब्दाचा राग नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद आहे, तिचं सातवं कलम सांगतं की वास्तू तिच्या जागेपासून आणि ती ज्या इतिहासाची साक्षीदार आहे त्यापासून तोडता येत नाही, आणि तिला वाचवण्यासाठी गरजच असेल किंवा फार मोठं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल तरच ती हलवावी. हे कलम मी मनापासून मानतो. माडमधलं चांगलं उभं घर काढून संग्रहालयात नेलं तर संग्रहालय श्रीमंत होतं आणि माडच्या रस्त्याला दात पडल्यासारखी फट पडते. तोकायचा प्रदेश २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली घरं आता तिथेच जगू शकतात, त्यात वाइनवाले राहतात, पाहुणे उतरतात. अशा वेळी मूळ घराला हात न लावता त्याचं बारीक मोजमाप घेऊन संग्रहालयात दुसरं बांधणं हेच सभ्य काम आहे. अट एकच, दाराशी पाटीवर ते साध्या शब्दांत लिहिलेलं असावं.

पण तुमच्या विषयाचं मर्म मला भिंतीत दिसत नाही. ते जमिनीखाली आहे.

तोकायच्या टेकड्या ज्वालामुखीच्या आहेत. खाली रायोलाइट टफ नावाचा दगड आहे, म्हणजे ज्वालामुखीची राख दाबून झालेला, फिक्या रंगाचा, सच्छिद्र. नवा उघडा केला की कुदळीने कापता येतो आणि हवा लागली की टणक होत जातो. कोकणात, गोव्यात ज्यांनी जांभ्याची खाण पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. या दगडात लोकांनी शेकडो वर्षं बोगदे कोरले. बऱ्याच ठिकाणी आत कमान नाही, अस्तर नाही, नुसता कोरलेला दगड आणि त्यावर कुदळीचे तिरपे घाव. आत वर्षभर १० ते १२ अंश तापमान आणि ८५ ते ९५ टक्के दमटपणा. कसब्यातल्या घराचा विचार तिथून वर सुरू होतो. तळघराचं तोंड कुठे येणार यावर अंगण ठरतं, अंगणावर फाटक ठरतं, फाटकावर रस्त्याकडची दर्शनी भिंत ठरते. आपण बाहेरून येणारे लोक नेमके उलट्या क्रमाने बघतो.

फाटकाकडेच बघा. घराच्या मानाने ते भलतं रुंद आणि उंच वाटतं. कमानीची शोभा म्हणून लोक फोटो काढतात. ते रुंद आहे कारण सुगीच्या दिवसांत बैल जोडलेली गाडी पिंपांसकट आत यायला हवी. फाटकाच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर एकेक उभा दगड असतो, गाडीच्या चाकाचा आस कमानीवर घासू नये म्हणून. त्या दगडांच्या आतल्या कडेला बोट फिरवलंत तर घासून गुळगुळीत झालेली खोबण लागते. संग्रहालयात नवा दगड बसवला की खोबण नसते, आणि ती मुद्दाम घडवणं मला खोटं वाटतं. म्हणून हा एवढासा दगड मूळचा मिळवण्यासाठी मी खिडकीच्या नक्षीदार चौकटीपेक्षा जास्त धडपड करेन.

पिंपाचंही तसंच. तोकायचं पारंपरिक पिंप ‘ग्योन्त्सी’ म्हणून ओळखलं जातं. ग्योन्त्स या गावावरून त्याला नाव पडलं, त्यात सुमारे १३६ लिटर मावतात. भरलं की वजन दीडशे किलोच्या वर जातं. दोन माणसांना अरुंद बोळातून ते गडगडत नेता यावं अशा बेताने जिन्याचा उतार, बोळाची रुंदी आणि वळणाचा घेर असतो. ‘ऑसू’ नावाची त्यांची गोड वाइन होते तीही मापावरच. वेलीवरच बुरशी धरून मनुक्यासारखे आटलेले मणी एकेक करून वेचायचे, ते ‘पुत्तोन्य’ नावाच्या पाठीवरच्या डब्यात गोळा करायचे. एका डब्यात वीस-पंचवीस किलो. एका पिंपाच्या रसात असे किती डबे पडले त्यावरून वाइनचा गोडवा आणि भाव ठरायचा. डबा, पिंप, बोळ, जिना, फाटक, गाडी ही एकच साखळी आहे. तिच्यातलं एक माप चुकलं की बांधलेलं घर बघणाऱ्याला सुंदर दिसेल, पण त्यात वाइन करता येणार नाही. पुनर्बांधणी बरोबर आहे का याची माझी कसोटी हीच असते. या घरात पिंप खाली नेता येतं का, आणि परत वर आणता येतं का.

संग्रहालयाच्या जागी टफ नसेल तर तळघर कोरता येत नाही. मग वरून खड्डा खणायचा, आत कमानी बांधायच्या, पाणी अडवणारा थर द्यायचा आणि वर माती लोटायची. दिसायला तळघरच होतं. पण कोरलेल्या दगडाचा श्वास त्याला नसतो. वरची माती पुरेशी जाड नसली की तापमान उन्हाळ्यात चढतं. आणि सगळ्यात मोठा फरक भिंतीवर दिसतो. तोकायच्या जुन्या तळघरात भिंतींवर आणि छतावर काळी, कापसासारखी मऊ बुरशी पसरलेली असते, झास्मिडियम सेलारे तिचं नाव. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती जगते. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा ओली असेल असं वाटलं होतं. ती पिंजलेल्या लोकरीसारखी लागते, आणि कुणीतरी पिंपावर चिकटवून ठेवलेलं जुनं नाणं तिने अर्धं गिळलेलं होतं. ही बुरशी रंगाने काढता येत नाही, चिकटवता येत नाही. रिकामी पिंपं मांडलेल्या तळघरात ती येतच नाही. तिला खरी वाइन लागते, आणि वर्षं लागतात. म्हणून मी नेहमी सांगतो की संग्रहालयाने एक तरी तळघर वाइनवाल्याच्या हाती सोपवावं, पिंपं भरलेली ठेवावीत आणि वाट बघावी.

चुन्याबद्दल थोडक्यात, कारण ही चूक आपल्याकडेही रोज होते. टफ मऊ आणि सच्छिद्र आहे, सिमेंट कडक आणि घट्ट. सांध्यात सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते. तिच्याबरोबरचे क्षार दगडाच्या कातडीखाली साठतात आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. काही वर्षांनी सांधे जाळीसारखे पुढे आणि दगड आत खचलेला, असं उलटं चित्र दिसतं. मुरवलेला चुना आणि त्याच भागातली वाळू, याला पर्याय नाही. नव्या इमारतींच्या नियमांमुळे पायात काँक्रीट घालावं लागलं तर घाला, पण जोत्याच्या वर येऊ देऊ नका.

दुसरा अवघड निर्णय काळाचा. एका घरात तीन-चार काळ एकावर एक बसलेले असतात. अठराव्या शतकाची कमान, एकोणिसाव्या शतकाची खिडकी, विसाव्या शतकातली वीज. यातलं कुठलं वर्ष दाखवायचं? तोकायच्या बाबतीत अठरावं शतक खुणावतं, कारण तेव्हा पैसा होता. १७३७ साली राजाज्ञेने इथल्या द्राक्षप्रदेशाची हद्द आखून दिली गेली. रशियाच्या दरबारासाठी वाइन विकत घेणारं खास मंडळ १७३३ ते १७९८ तोकायमध्ये ठाण मांडून होतं. ग्रीक व्यापारी होते, पोलंडकडे माल जायचा, पुढे पोलंडची फाळणी झाली तशी ती वाट आक्रसली. आणि १८८० च्या दशकात फिलॉक्सेरा आला, वेलीच्या मुळांवर जगणारा किडा. मळेच्या मळे वाळले. घरं मात्र उभी राहिली, कारण ती पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसे नव्हते. आज आपण ज्या सुंदर जुन्या घरांचं कौतुक करतो त्यातली कित्येक त्या दारिद्र्याने राखली आहेत. म्हणून सगळा रस्ता भरभराटीच्या वर्षावर आणून ठेवणं मला पटत नाही. निदान एका घराने वेली मेल्यानंतरची वर्षं सांगावीत. रिकामं तळघर, भाड्याने दिलेली रस्त्याकडची खोली, चुन्याऐवजी मातीने बुजवलेली भेग.

माडच्या घराबाबत हे आणखी टोकदार होतं. सेंटएंद्रेला माडच्या नमुन्यावरचं जे घर आहे त्यात ज्यू कुटुंबाचं जगणं मांडलं आहे. माडमध्ये ज्यूंची मोठी वस्ती होती, वाइनच्या व्यापारात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या धर्मात चालणारी वाइन त्यांनी स्वतःच्या हाताने करायची म्हणून तळघराची व्यवस्थाही त्यांची वेगळी. १७९५ सालचं त्यांचं बरोक शैलीतलं प्रार्थनागृह आजही माडच्या चढावर उभं आहे, दुरुस्त करून. ती माणसं मात्र १९४४ मध्ये उचलून नेली गेली. असं घर मांडताना टेबलावर मेणबत्त्या आणि वेणीचा पाव ठेवून थांबता येत नाही. हे घर रिकामं कसं झालं ते त्याच खोलीत, त्याच पाटीवर सांगावं लागतं.

आणि द्योंद्योशचा तर मोठा भाग २१ मे १९१७ च्या आगीत गेला. तिथल्या जुन्या घराचं मोजमाप, जुना फोटो, वाटणीपत्रातली सामानाची यादी, यातलं काहीही हाती लागलं तर ते सोन्यासारखं जपावं. घरात किती पिंपं, किती मोठी, कुठल्या खोलीत बियाणं आणि कुठल्या खोलीत अंथरूण, हे त्या याद्यांमध्येच सापडतं.

स्वतःची एक चूक सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. कारकिर्दीच्या सुरुवातीला एका वाड्याचं लाकूड उतरवताना मी तुळयांवर ऑइलपेंटने नंबर टाकले, तेही दिसायला सोपं जावं म्हणून तोंडावर. लाकूड दोन पावसाळे छपरीत पडलं. वाळवी लागली म्हणून एका कंत्राटदाराने ते परस्पर तासून घेतलं आणि चाळीसेक तुळयांचे नंबर गेले. जागा शोधून काढायला चार महिने लागले, आणि वाचवलं कुणी? मूळच्या सुताराने. त्याने प्रत्येक कुसवावर, जोडाच्या आत, पटाशीने खुणा केल्या होत्या. तेव्हापासून नंबर जोडाच्या आत कोरायचा, धातूची चकती खिळ्याने ठोकायची आणि कागदावर तिसरी नोंद, हे मी सोडलेलं नाही. दगडाच्या बाबतीत नंबर नेहमी वरच्या बिछान्यावर, म्हणजे पुढचा थर ज्यावर बसतो त्या झाकल्या जाणाऱ्या बाजूवर टाका, दर्शनी बाजूला कधीच नको.

आता तुमचे दहा दिवस. ऑक्टोबरच्या शेवटी जाताय, तेव्हा ऑसूची वेचणी चालू असेल, गावातली माणसं कामात असतील. पहिले दोन दिवस टेप बाहेर काढू नका. एका घरी मदतीला जा आणि गाडी फाटकातून आत येते तिथपासून पिंप जागेवर बसेपर्यंत मागे मागे चाला. कुठे माणसं थांबतात, कुठे ओणवी होतात, कुठे हात भिंतीला लावतात ते वहीत लिहा. मापं त्यानंतर घ्या, आणि तळघरापासून वर या. जिन्याच्या प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजा, त्या सारख्या नसतात. तळघराचा आडवा छेद दर दोन मीटरला घ्या, कारण कोरलेला बोळ कुठेही सरळ जात नाही. तापमान आणि दमटपणा मोजायचं छोटं यंत्र न्या, तोंडाशी, मध्ये आणि टोकाला, सकाळ-संध्याकाळ नोंद करा. कुदळीच्या घावांची दिशा टिपा, त्यावरून खणणारा कुठून कुठे सरकत गेला ते कळतं. फाटकाजवळच्या त्या दगडावरची खोबण जमिनीपासून किती वर आहे ते मोजा, गाडीच्या आसाची उंची त्यातून मिळेल. आणि बुरशी भिंतीवर कुठपर्यंत पोचली आहे, कुठे संपते, ती रेषा नकाशावर काढून आणा. बहुतेक मोजमापांत ती नसते. जुनी पिंपं कुठे मांडलेली होती आणि हवा कुठून फिरत होती, ते त्या रेषेवरून ओळखता येतं.